पट्टी काळी झाली त्याची गोष्ट

"गाडी काळी करायची नाहीये, फक्त काचांभोवतीची पट्टी काळी करायचीय," एवढी एकच गोष्ट घरात समजावून सांगायला आमच्या चिरंजीवांना तीन दिवस लागले.

पहिल्या दिवशी आई म्हणाली, "चांगल्या पांढऱ्या गाडीला काळं कशाला फासायचं? मागं काळी बाहुली बांधलीय, तेवढं काळं पुरे." दुसऱ्या दिवशी शेजारचे काका कुंपणावरूनच ओरडले, "पोलीस धरतील रे! काळी फिल्म बंद आहे." काकांचं अगदीच चुकत नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली गाडीच्या काचांवर काळी फिल्म चिकटवायला मनाई केली आहे. पण ती काचेवर. काचेच्या कडेने जी चमकती पट्टी असते, तिच्याशी त्या निकालाचा काही संबंध नाही. काकांना हे पटेपर्यंत दुसरा दिवस संपला. तिसऱ्या दिवशी विषय माझ्यापर्यंत आला आणि मी सरळ "नाही" म्हणून मोकळा झालो.

कारण ही गाडी बाबांची.

बाबा २०११ साली निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी फंडाच्या पैशातून त्यांनी ही गाडी घेतली. शहापुरातल्या आमच्या गल्लीत ती वळवून अंगणात घेणं म्हणजे सर्कस, पण हौसेला मोल नसतं. घेताना वरचं मॉडेल घेतलं. खालच्या मॉडेलला काचांखाली नुसतं काळं रबर होतं, वरच्याला चकचकीत पट्टी. तेव्हापासून दर रविवारी सकाळी चहा झाला की बाबा जुन्या धोतराचा मऊ तुकडा घेऊन अंगणात जातात आणि चारी दारांच्या पट्ट्या पुसतात. गाडी धुवायची मी आणि पट्टी पुसायची त्यांनी, अशी वाटणीच ठरून गेलेली.

आणि बाबांनी जन्मभर केलं काय, तर क्रोमच. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात १९७४ पासून सदतीस वर्षं ते प्लेटिंग खात्यात होते. आपल्या बेळगावात हायड्रॉलिक्सचं काम मोठं. रस्ता खणणाऱ्या यंत्राच्या हातात जो चकचकीत दांडा आत-बाहेर करतो, तसल्या दांड्यांवर क्रोम चढवायचं, हे बाबांचं काम. लहानपणी कुठे खोदकाम दिसलं की मी मित्रांना सांगायचो, "ते चमकतंय ना, ते आमच्या बाबांनी केलंय." अशा माणसाच्या गाडीवरची चमक झाकून टाकायची, हे मला कसंसंच वाटत होतं.

चिरंजीवांची बाजूही सांगायला हवी. आमची बहीण मडगावला असते. वर्षातून चार-पाच वेळा चोर्ला घाटातून तिच्याकडे जाणं होतं. तिकडची खारी हवा आणि इकडचा चार महिन्यांचा पाऊस, यांनी पट्टीवर तपकिरी ठिपके पडायला लागले होते. घासले की जायचे, पुन्हा उगवायचे. शिवाय फॅशन आलीच. अँबेसिडर आणि पद्मिनीच्या काळात चमकता बंपर म्हणजे गाडीचा दागिना होता. आता वारं उलटं फिरलंय. टाटांनी २०१९ साली हॅरियरची 'डार्क' आवृत्ती काढली, तेव्हापासून तर पोरांना काळ्याचं वेडच लागलंय. आम्ही चमक मिळावी म्हणून जास्त पैसे मोजले, ही पोरं ती नसावी म्हणून मोजायला तयार!

पोराने अभ्यास मात्र व्यवस्थित केला होता. दुकानात विचारलं तर साडेतीन हजार सांगितले. रंग मारायचा तर पट्टी खरवडून, प्राइमर लावून मारावा लागतो, आणि एकदा मारला की मारला. तिसरा मार्ग व्हिनाइलची पातळ चिकट फिल्म. दोन इंच रुंदीचा रोल आणायचा, कापून चिकटवायचा, नको झाला की सोलून टाकायचा. "पप्पा, आजोबांना नाही आवडलं तर सोलून काढू. खाली पट्टी आहे तशीच राहते."

"त्यांना वाईट वाटेल."

"तुम्ही विचारलंत का त्यांना?"

मी काही बोललो नाही, कारण विचारलं नव्हतं.

त्या रविवारी बाबा फडकं घेऊन आले, तेव्हा चिरंजीवांनी माझ्यादेखतच विषय काढला. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग चष्मा वर सरकवून पट्टीवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाले, "हे क्रोम आहे म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला?"

आम्ही दोघंही गप्प.

"स्टेनलेस स्टील आहे हे. ह्याला वरून काही चढवलेलं नाही. क्रोम ह्याच्या पोटातच असतंय." मग पुढे जाऊन त्यांनी जाळीवरच्या पट्टीवर टिचकी मारली. "हे बघ, हे क्रोम. पण आत प्लास्टिक. त्याच्यावर तांबं, त्याच्यावर निकेल, आणि एकदम वर एवढंसं क्रोम. चमक निकेलची, नाव क्रोमचं."

हा "एवढंसं" किती, तेही त्यांनी नातवाला समजावलं. शोभेच्या वस्तूवर क्रोमचा थर अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही कमी असतो. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा धरला, तर त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकासुद्धा नाही. तो थर निकेलला डाग पडू देत नाही आणि ओरखडे येऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. बाबांच्या कारखान्यातलं क्रोम वेगळं. दांड्यावर ते थेट पोलादावर वीस-पंचवीस मायक्रॉन जाडीचं चढायचं. ते झिजू नये म्हणून, दिसावं म्हणून नव्हे.

मी विचारलं, "मग तेरा वर्षं दर रविवारी ही पट्टी कशाला पुसताय?"

बाबा हसले. "पहिल्या रविवारी सहज पुसली. तू लगेच फोटो काढून सगळ्यांना पाठवलास, बघा आमचे बाबा म्हणून. मग काय, लागली सवय. तुला बरं वाटतंय म्हटल्यावर पुसायची."

घ्या! मी त्यांच्यासाठी पट्टी जपत होतो आणि ते माझ्यासाठी पुसत होते.

पुढच्या रविवारी अंगणात कारखानाच सुरू झाला. नातू फिल्म घेऊन थेट चिकटवायला निघाला, तर बाबांनी हात धरला. "आधी साफ. प्लेटिंग असो नाहीतर तुझी फिल्म असो, खाली तेल राहिलं की सगळं फुकट." साबणाने पट्टी धुवून झाली. पोर म्हणालं, "झाली साफ." बाबांनी तांब्याभर पाणी पट्टीवर सोडलं. पाणी ठिकठिकाणी फाटलं, थेंबाथेंबाने गोळा झालं. "बघितलास? जिथं पाणी फाटतंय तिथं तेल आहे. अख्ख्या पट्टीवर पाण्याची एक सलग चादर राहिली पाहिजे. आम्ही टाकीत माल सोडायच्या आधी असंच बघायचो." गाडीच्या पॉलिशचं मेण पट्टीवर बसलेलं होतं. ते निघून पाण्याची चादर धरेपर्यंत तीनदा धुवावं लागलं.

पट्टी वाळल्यावर शेवटची पुसणी आयसोप्रोपिल अल्कोहोलने. नातवाने बाटली उघडली तसा माझ्या नाकात भपकारा गेला आणि मी मान फिरवली. बाबा बाटलीवर वाकून लेबल वाचत होते. पापणीसुद्धा लवली नाही.

"आजोबा, वास नाही येत तुम्हाला?"

"वास जाऊन वीस वर्षं झाली की रे," बाबा म्हणाले. तुळशीला पाणी घातलं म्हणून सांगावं, इतक्या सहज.

मला एकदम गेल्या वर्षीची दुपार आठवली. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, गॅस सुरूच होता आणि बाबा स्वयंपाकघरात पेपर वाचत बसले होते. आईने बाहेरून येऊन बटण बंद केलं. त्या दिवशी मी त्यांना फार बोललो होतो. "लक्ष कुठे असतं तुमचं?" असं म्हणालो होतो. त्यांनी एका शब्दाने उत्तर दिलं नव्हतं.

मग पट्टी मोजत, फिल्म कापत बाबा बोलत राहिले. मी सदतीस वर्षं ज्याचा अभिमान मिरवला, ते काम काय होतं ते मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. क्रोमिक ॲसिडची टाकी, पन्नास-पंचावन्न अंशाला तापलेली. वीज सोडली की तिचा जेमतेम पाचवा हिस्सा क्रोम बसवतो, बाकीच्या विजेने मुख्यतः हायड्रोजनचे बुडबुडे उठतात. ते वर येऊन फुटले की ॲसिडचे बारीक तुषार हवेत. टाकीच्या कडेला धूर ओढून घेणारा पंखा होता, पण तो चालू कमी आणि बंद जास्त. बाबा आणि त्यांचे सोबती नाकात व्हॅसलीन लावून कामाला उभे राहायचे. हातावर ॲसिड उडालं आणि तिथे खरचटलेलं असलं की जखम खोल जायची, महिना-महिना भरायची नाही. बाबांच्या बोटांच्या पेरांवर वाटाण्याएवढे गोल वण आहेत. आम्हाला ते कांजिण्यांचे वाटायचे. कुणी विचारलंच नव्हतं.

"सांगितलं का नाही कधी?"

"तू शाळेत सगळ्यांना सांगत फिरायचास, माझे बाबा चमकवतात म्हणून. तुला काय सांगायचं?"

पंधरा दिवसांनी बाबांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नाकात दिवा धरून मला आत बघायला लावलं. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला आरपार भोक होतं, जुनं, कडा भरून आलेलं. क्रोमच्या टाकीवर काम केलेल्यांत हे दिसतं, आणि वास जाण्याचं तेही एक कारण असू शकतं, असं ते म्हणाले. आता त्याला उपाय म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि छातीची वेळच्या वेळी तपासणी. कारण त्या टाकीतलं क्रोम, ज्याला षट्संयुजी म्हणतात, ते फुप्फुसाच्या कर्करोगाला कारण ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने हे १९९० सालीच जाहीर केलं होतं. बाबा त्यानंतर एकवीस वर्षं टाकीवर होते. युरोपात २०१७ पासून क्रोमिक ॲसिड वापरायला खास परवानगी लागते, आणि शोभेच्या क्रोमसाठी त्रिसंयुजी क्रोमची कमी घातक पद्धत आली आहे. गाडीवर चढून बसलेलं क्रोम मात्र निव्वळ धातू आहे, त्याला हात लावायला भिण्याचं कारण नाही. जाच होतो तो चढवणाऱ्याला. बाबांचे पहिले रिपोर्ट चांगले आले. आता दर वर्षी जायचं आहे.

आता पट्टीचं सांगतो, कारण काहींना करून बघायची असेल. पट्टीच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना पाच-सहा मिलिमीटर जास्त फिल्म कापायची. कापायची ती टेबलावर. गाडीवर ब्लेड चालवलं की रंगावर रेघ आलीच. मध्यापासून टोकाकडे, कापड गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या पट्टीने दाबत जायचं. वाढीव कड रबराखाली खोचायची. वळणावर हॉट एअर गनने जरा ऊब द्यायची, पण ओढून ताणायचं नाही, कारण ताणलेली फिल्म काही दिवसांनी आक्रसते आणि कड उघडी पडते. आमच्या मागच्या दाराच्या टोकाला नेमकं हेच झालं. पोराने घाईत ताणली आणि पहिल्या पावसातच कोपरा उचलला गेला. बाबांनी तो तुकडा काढायला लावला, पुन्हा पाण्याची चादर, पुन्हा अल्कोहोल. दोन-तीन दिवस गाडी धुवायची नाही आणि पुढेही पाण्याचा जोराचा फवारा कडेवर मारायचा नाही. एकंदर खर्च हजाराच्या आत. गाडी खरंच तरुण दिसते, हे आईनेही मान्य केलंय. बाहुली मात्र तिने काढू दिलेली नाही.

स्वयंपाकघरात आम्ही गॅस गळतीचा भोंगा बसवून घेतला. तो आणला त्या संध्याकाळी मी बाबांना म्हटलं, "त्या दिवशी मी उगाच बोललो." ते म्हणाले, "भोंग्याचा आवाज मोठा आहे ना? कान शाबूत आहेत अजून."

रविवारी चहा झाला की बाबा सवयीने अंगणात जातात. फडकं न्यायचं आता कारण नाही. ओट्यावर बसतात, नातू गाडी धुतो, कधी कधी ते त्याला टाकीच्या गोष्टी सांगतात. मीही जाऊन बसतो.

आपल्या बेळगावात प्लेटिंगच्या टाकीवर काम केलेली माणसं माझ्या बाबांशिवायही असतील. तुमच्या घरात, नात्यात, गल्लीत कुणी असेल, तर त्यांच्या हातावरचे वण बघा आणि वास येतो का तेवढं विचारा. डॉक्टरांना मात्र आधी सांगा, की हे क्रोमच्या टाकीवर होते.