अंडी कुणी नेली? चौथीच्या वर्गातला एक तपास



आपल्या पोलादपूर-महाडकडच्या वाड्यांमधून फिरलात तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. दर दोन घरांमागे एका घराला कुलूप. माणसं मुंबईला, नाहीतर सुरतेला. पण घर कुलूपबंद असलं तरी पडवीत मांजर असतं, अंगणात कोंबड्या असतात, दारात कुत्रा असतो. त्यांना कुलूप लावून जाता येत नाही. मग शेजारी सांगून ठेवायचं, "जरा बघशील गं." या 'बघण्याला' पैसे नसतात. येताना मुंबईहून खाऊचा पुडा, नाहीतर एखादा फ्रॉक. आणि हे काम बहुतेक वेळा घरातल्या आठ-दहा वर्षांच्या मुलीकडे येतं. ती आपल्या वर्गात बसलेली असते, पण तिच्या डोक्यात किती हिशोब चालू असतो याचा आपल्याला पत्ता नसतो.

मागे मला एका इंग्रजी पुस्तकमालेविषयी वाचायला मिळालं. ब्लेझ क्लेमेंट नावाच्या अमेरिकन लेखिकेची. तिची नायिका डिक्सी हेमिंग्वे आधी पोलीस खात्यात होती. नवरा आणि लहान मुलगी अपघातात गेल्यावर तिने ती नोकरी सोडली आणि लोकांची कुत्री-मांजरं सांभाळायचं काम धरलं. गाव फ्लोरिडातलं, समुद्रकाठचं. मालक परगावी गेले की ही त्यांच्या घरी जाऊन जनावरांना खायला घालते, फिरवून आणते आणि तिथेच काहीतरी भानगड तिच्यासमोर येते. लेखिका २०११ मध्ये वारली, पुढे तिच्या मुलाने ही मालिका चालू ठेवली. अशा कथांमध्ये रक्तपात फार नसतो. गाव छोटं, माणसं ओळखीची, आणि शोध घेणारी बाई साधी.

वाचून मला गंमत वाटली. म्हणलं, तिकडे याला धंदा म्हणतात आणि त्यावर पुस्तकं निघतात. आमच्या वर्गात तर अशा तीन जणी आहेत!

आता मूळ गोष्टीकडे येते. गावाचं आणि मुलांची नावं मुद्दाम लिहीत नाही.

मार्च महिना होता, सकाळची शाळा नुकतीच सुरू झालेली. चौथीतल्या एका मुलीच्या शेजारची काकी सुनेच्या बाळंतपणासाठी दोन महिने मुंबईला गेली. मागे राहिल्या सात कोंबड्या, दोन शेळ्या, एक मांजर आणि एक कुत्रा. काकीने जाताना सांगितलेलं, अंडी विकायची नाहीत, खायची नाहीत, साठवायची. एक कोंबडी खुडूक होत आली होती, तिला रवणीला बसवायचं होतं. मुलगी हुशार. तिने वहीच्या मागच्या पानावर रोजची अंडी लिहायला सुरुवात केली. आणि आठवडाभरात तिच्या लक्षात आलं की दुपारी डालग्यात दिसलेली अंडी संध्याकाळी कमी भरतात. सहा अंडी गेली.

सहा अंडी म्हणजे काय मोठंसं, असं आपण म्हणू. पण वाडीवर बातमी फिरली आणि कुणीतरी सांगितलं की आदिवासीवाडीवरचा अमका मुलगा दुपारी पडवीपाशी दिसला होता. झालं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत वर्गातली मुलं त्याला 'अंडीचोर' म्हणायला लागली. तिसऱ्या दिवशी तो आला नाही. चौथ्याही दिवशी नाही.

हा मुलगा कातकरी. शासनाच्या यादीत महाराष्ट्रात आदिम जमाती तीन, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्यातले कातकरी आपल्या रायगडात सगळ्यांत जास्त दिसतात, आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर, कोळशाच्या कामावर जातात ते पावसाच्या तोंडावर परत येतात. मुलंही बरोबर जातात. आपल्यापैकी ज्यांनी शाळाबाह्य मुलांची सर्वेक्षणं केली आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. या मुलाचे आईवडील भट्टीवर गेलेले, पण हा आजीपाशी राहिला होता, शाळेसाठी. मी घरी गेले तेव्हा आजी म्हणाली, "बाई, लोकं चोर बोलतात. त्यापरीस आईबापाकडं पाठवते." तो भट्टीवर गेला असता तर त्या वर्षी शाळेत परत आला नसता, आणि पुढचं वर्षही तसंच गेलं असतं. सहा अंड्यांपायी.

आजीला म्हणलं, मला आठ दिवस द्या, पण पोराला उद्यापासून शाळेत धाडा.

वर्गात मी कुणाला रागावले नाही. रागावून मुलं गप्प बसतात, मत बदलत नाहीत. मी फळ्यावर तीन रकाने आखले. पाहिलं, ऐकलं, वाटलं. आणि म्हणलं, अंड्यांबद्दल तुम्हाला जे जे माहीत आहे ते सांगा, मी लिहिते, पण कुठल्या रकान्यात लिहायचं ते तुम्ही ठरवायचं. पंधरा मिनिटांत 'ऐकलं' आणि 'वाटलं' भरून वाहायला लागले. 'पाहिलं' मध्ये फक्त दोन ओळी. एक, वहीतला अंड्यांचा हिशोब. दोन, डालग्याजवळ टरफलं नव्हती. मुलं फळ्याकडे बघत राहिली. 'तो पडवीपाशी दिसला' हे वाक्य नेमकं कुणी पाहिलं, हे शोधता शोधता ते एकाकडून दुसऱ्याकडे गेलं आणि शेवटी वर्गाबाहेरच गेलं.

मग मी त्यांना एक गोष्ट सांगितली. आर्थर कॉनन डॉयल यांची शेरलॉक होम्सची कथा आहे, १८९२ सालची, 'सिल्व्हर ब्लेझ' नावाची. शर्यतीचा घोडा रात्री तबेल्यातून नाहीसा होतो. तिथे कुत्रा असतो, पण तो भुंकत नाही. होम्स म्हणतो, खरा पुरावा हाच. कुत्रा भुंकला नाही, म्हणजे येणारा ओळखीचा होता. मी घोड्याच्या जागी शर्यतीचा बैल केला, तेव्हा मुलं एकदम सावरून बसली.

आणि इथेच गाडी वेगळ्या वळणाला लागली. एक मुलगा उठला नि म्हणाला, "बाई, काकीचा कुत्रा पण भुंकला नाही! आणि कुत्रा याला ओळखतो, हा त्याला रोज भाकरी टाकतो." सगळा वर्ग त्या पोराकडे वळला. होम्ससाहेबांचा पुरावा आमच्या पोरावरच उलटला. तो खाली मान घालून बसलेला. मी काही बोलणार, इतक्यात ती जनावरं सांभाळणारी मुलगी म्हणाली, "कुत्रा दुपारी घरी नसतोच. मी शेळ्या घेऊन जाते ना, तेव्हा तो माझ्यासंगती येतो. भुंकणार कोण?"

मला त्या क्षणी डिक्सी हेमिंग्वे आठवली. पोलिसांना, शेजाऱ्यांना, होम्सलासुद्धा जे माहीत नसतं, ते जनावराला रोज खायला घालणाऱ्याला माहीत असतं. कुत्रा कधी कुठे असतो, कोंबडी कुठल्या कोपऱ्यात बसते, मांजर कुणाला घाबरतं. हे ज्ञान आपण प्रगतिपुस्तकात कुठल्याच रकान्यात लिहीत नाही.

पुढचं काम मुलांनीच ठरवलं. चुलीतली राख चाळून ती दुपारी डालग्याभोवती पसरायची आणि आत एकच अंडं ठेवायचं. पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी कोंबड्याच राखेतून नाचून गेल्या, सगळा पसारा. तिसऱ्या दिवशी अंडं गायब. राखेत मधोमध एक नागमोडी रेघ, दोरी ओढत नेल्यासारखी, आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना नखांचे ठसे. टरफल नाही.

"घोरपड!" तिघं-चौघं एकदम ओरडले. आमच्या मुलांना हे शिकवावं लागत नाही. शेपटी ओढत जाते, अंडं बहुधा अख्खंच गिळते, आणि उन्हाच्या वेळी हिंडते. तरी मी म्हणलं, खात्री करून घेऊ. मुलांनी पट्टी ठेवून ठशांचं माप घेतलं, वहीत चित्र काढलं. मी फोटो काढून वनरक्षकांना दाखवला. त्यांनीही तेच सांगितलं. एकाला लगेच यशवंती आठवली. आमच्या तालुक्यातलं उमरठ म्हणजे तानाजी मालुसऱ्यांचं गाव, त्यामुळे कोंढाण्यावर घोरपड चढवल्याची दंतकथा इथल्या पोरांच्या तोंडावर असते. "बाई, यशवंती अंडी खाऊन ताकद आणत होती," तो म्हणाला. किती तरी दिवसांनी वर्ग एकत्र हसला. तो मुलगासुद्धा.

काही जण घोरपड मारायला निघाले होते. त्यांना सांगावं लागलं की वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ती आहे, मारणं, पकडणं गुन्हा आहे. उपाय साधाच निघाला. शेळ्यांना घेऊन जाण्याआधी अंडी उचलून घरात तांदळाच्या डब्यात ठेवायची आणि कोंबडीने जागा बदलू नये म्हणून डालग्यात एक गोल पांढरा दगड ठेवायचा. तो दगड शोधायला सगळा वर्ग नदीवर गेला, हे मुख्याध्यापकांना मी नंतर सांगितलं.

पण शिक्षक म्हणून मला जे सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते घोरपड सापडल्यानंतरचं आहे. मी दुसऱ्या दिवशी मुलांना विचारलं, "समजा राखेत काहीच उमटलं नसतं, तर?" बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक मुलगी म्हणाली, "तर आपल्याला माहीत नाही असं म्हणायचं." मी फळ्यावर चौथा रकाना काढला. माहीत नाही. रहस्यकथांचा एक दोष आहे, त्यांत शेवटच्या पानावर चोर सापडतोच. आपल्या गावात, आपल्या वर्गात पुष्कळदा तो सापडत नाही. पेन हरवतं, डब्यातला लाडू जातो आणि संशय नेहमी त्याच दोन-तीन मुलांवर जातो, ज्यांचे आईवडील भांडायला शाळेत येऊ शकत नाहीत. ते पोर घोरपडीमुळे सुटलं, असं मला कुणी म्हणलं की बरं वाटत नाही. घोरपड आली नसती तरी त्याच्याविरुद्ध 'पाहिलं' च्या रकान्यात एक अक्षर नव्हतं.

पालकहो, हे तुमच्यासाठीही आहे. मुलं 'चोर' हा शब्द वर्गात तयार करत नाहीत. तो घरून येतो, ओट्यावरच्या गप्पांतून.

आता वाचनाविषयी थोडं, कारण या प्रकरणानंतर मुलांनी 'अशीच गोष्ट' मागायचा लकडा लावला. मराठीत रहस्यकथांची परंपरा दांडगी आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या, त्यांचे झुंजार आणि काळा पहाड आपल्या आजोबांच्या पिढीने वाचनालयात नंबर लावून वाचले. पण ते मोठ्यांचं वाचन. मुलांसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा हा बनेश सायकलवरून फिरतो आणि डोळे उघडे ठेवतो, एवढंच त्याचं भांडवल. चौथीला ही पुस्तकं स्वतः वाचायला जड जातात, म्हणून मी रोज शेवटच्या तासाला एक प्रकरण वाचून दाखवते आणि अडलेल्या जागी थांबते. थांबणं महत्त्वाचं. पाचवी-सहावीच्या पुढे सत्यजित राय यांचा फेलूदा द्या, अशोक जैन यांचा अनुवाद रोहन प्रकाशनाने काढला आहे. 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतात, तेही चाळा.

एक गोष्ट मला खटकते. यांतले बहुतेक शोध घेणारे मुलगे आहेत, आणि शहरातले किंवा शहरात शिकणारे. शेळ्या राखणारी, शेजारणीच्या कोंबड्या मोजणारी मुलगी त्यात क्वचित दिसते. म्हणून मी मुलांनाच लिहायला सांगितलं. अट एकच, शोध घेणाऱ्याने एखादं जनावर सांभाळलेलं असलं पाहिजे आणि त्या जनावराच्या सवयीतूनच उत्तर मिळालं पाहिजे. चौदा मुलांच्या चौदा गोष्टी झाल्या. शुद्धलेखन विचारू नका. एकीत बैल रोज ठरलेल्या ठिकाणी थांबतो, त्या दिवशी थांबला नाही म्हणून कळतं की हाकणारा दुसराच होता. एकीत मांजर अनोळखी माणसाच्या पिशवीवर जाऊन बसतं, कारण आत सुके बोंबील. 'अंडीचोर' म्हणून ज्याला चिडवलं त्या मुलाने अर्धंच पान लिहिलं. त्याच्या गोष्टीत आजीची कोंबडी हरवते आणि शेवटी सापडत नाही. खाली त्याने लिहिलं होतं, 'माहीत नाही.' मी त्याला पूर्ण गुण दिले.

तो वीटभट्टीवर गेला नाही. वार्षिक परीक्षा त्याने दिली.

काकी मे महिन्यात नातवाला बघून परत आली. तोवर कोंबडी रवणीवरून उठली होती, पिल्लं अंगणात फिरत होती. सहा अंडी कमी का, म्हणून तिने विचारलंच. मुलीने वहीचं मागचं पान उघडून तिच्यासमोर धरलं. तारखा, अंड्यांचे आकडे आणि खाली पट्टीने मापलेलं घोरपडीचं पाऊल. काकीला वाचता येत नाही. मुलीने तिला सगळं वाचून दाखवलं.