मेंदूतील गाठ आणि घरातले दिवस

मेंदूत गाठ असल्याचे निदान झाले की घरातला पहिला प्रश्न ‘किती दिवस?’ असा असतो. तो स्वाभाविकच आहे. माझ्यासारख्या कुटुंबवैद्याकडे पुढे येणारे प्रश्न मात्र निराळे असतात. बाबा रात्रभर जागे का राहतात? आई एवढी चिडते का? यांना कमोडवरून उठता का येत नाही? जगणे सुसह्य होईल की नाही, ते बहुधा या प्रश्नांवर ठरते.

यामागे पुष्कळदा गाठीइतकाच औषधाचाही हात असतो. मेंदूची सूज उतरवणारे डेक्सामेथासोन डोकेदुखी कमी करते. पण तेच झोप उडवते, रक्तातील साखर वाढवते आणि मांड्यांचे स्नायू दुबळे करते. सायंकाळचा डोस दुपारी घेतला तर चालेल का, हे आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारा. एवढ्यानेही काही घरांतल्या रात्री शांत झालेल्या मी पाहिल्या आहेत. गोळी स्वतःहून एकाएकी बंद मात्र करू नका. झटके रोखणाऱ्या लेव्हेटिरासिटॅमने काहींचा स्वभाव तापट होतो. तेही सांगा, पर्याय असतात.

झटका आलाच तर कांदा-चप्पल हुंगवण्याची, दातांत चमचा घालण्याची आपली जुनी रीत सोडा. रुग्णाला कुशीवर वळवा, घड्याळ पाहा. पहिलाच झटका असेल किंवा तो 5 मिनिटांत थांबला नाही, तर रुग्णालय गाठा.

सर्वांत अवघड ते माणूस बदलणे. कपाळामागील भागातली गाठ उत्साह, तारतम्य, कधी संकोचही हिरावून घेते. एका निवृत्त शिक्षकांच्या पत्नी मला म्हणाल्या, “हे घरात आहेत, तरी मी एकटीच आहे.” कार्नोफ्स्की मापनपट्टीवर त्या गृहस्थांना 100 पैकी 60 गुण मिळत, म्हणजे बहुतेक कामे स्वतःची स्वतः, अधूनमधून मदत. पत्नीचा एकटेपणा त्या आकड्यात कोठून येणार? औषधाच्या चिठ्ठीवरच मी लिहिले: रोज दुपारी दोन तास दुसऱ्या कोणीतरी बसावे. भाचा येऊ लागला. बाई पुन्हा भजनाला जाऊ लागल्या.

उपशामक सेवा म्हणजे उपचार संपले, असे समजून अनेक कुटुंबे तिला नकार देतात. ती केमोथेरपी चालू असतानाही घेता येते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात तिचा स्वतंत्र विभाग आहे; आपल्या जिल्हा रुग्णालयातही चौकशी करा, आणि ती निदानाच्या पहिल्या महिन्यातच करा.