भिंतीपलीकडची फांदी

नारायणगावात आमच्या घरामागे शेवग्याचे झाड आहे, मरहूम अब्बांनी लावलेले. त्यांच्या इंतकालानंतर त्याला कोयता लावू द्यायचा नाही, असे मी ठरवून टाकले होते. झाड उंच गेले आणि दोन मोठ्या फांद्या शेजारच्या मावशींच्या अंगणावर झुकल्या. त्याच अंगणात त्यांचे टोमॅटोचे क्रेट उतरतात, नातवंडे खेळतात.

गेल्या पावसाळ्यात शेवग्यावर केसाळ सुरवंट झाले. एके दिवशी मावशींच्या लहान नातवाच्या मानेवर, हातांवर गांधी उठल्या. मावशी भिंतीपाशी येऊन म्हणाल्या, "बाई, तेवढ्या दोन फांद्या काढून घ्या. पोरं अंगणात येईनात."

मी म्हणाले, "मावशी, अब्बांच्या हातचं झाड आहे. आणि शेंगा तर तुम्हीही खाता ना!"

त्या काही न बोलता आत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाने सुनावले, "तुम्ही काढणार नसाल तर आम्ही काढू." मग बोलणे थांबले, वाट्यांची देवाणघेवाणही थांबली.

आमच्या झाडाला कोणी हात कसा लावतो ते पाहू, म्हणून मी ओळखीच्या वकिलांकडे गेले. त्यांनी उलटेच सांगितले. हरी कृष्ण जोशी विरुद्ध शंकर विठ्ठल या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने 1894 सालीच स्पष्ट केले आहे की, फांदी कितीही वर्षे दुसऱ्याच्या जागेवर लोंबत असली तरी तसा हक्क मिळत नाही. शेजारी आपल्या हद्दीतला भाग छाटू शकतो. आंबा, चिंच, जांभूळ ही झाडे 1964 च्या वृक्षतोड अधिनियमाच्या यादीत आहेत, ती तोडायला परवानगी लागते. शेवगा त्या यादीत नाही.

घरी आल्यावर सुनन अबू दाऊदमधली एक हकीकत आठवली. एका सहाबींची खजुराची झाडे एका अन्सारींच्या बागेत होती. त्यांच्या येण्याजाण्याने बागवाल्यांच्या घरच्यांना त्रास होई. प्रेषित (स.) यांनी त्यांना झाडे विकायला सांगितले, बदल्यात दुसरी घ्यायला सांगितले, शेवटी देऊन टाकायला सांगितले. ते तयार झाले नाहीत. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना त्रास देणारे म्हटले आणि अन्सारींना झाडे काढून टाकण्यास सांगितले. शेजाऱ्यांचे हक्क शिकवताना ही गोष्ट मी नेहमी बागवाल्याच्या बाजूने सांगत आले. इथे झाडवाली मी होते.

सकाळी मावशींकडे गेले. "शेंगांचा उपकार काढला, चुकलं माझं," म्हणाले.

"शेंगांचं काही नाही, बाई," मावशी म्हणाल्या. "पोरगं रात्रभर रडलं, तुम्ही विचारायलाही आला नाहीत."

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. कायद्यातही नव्हते.

त्या रविवारी माझ्या मुलाने आणि त्यांच्या मुलाने मिळून फांद्या उतरवल्या. शेवग्याचे लाकूड ठिसूळ, म्हणून आधी दोराने बांधून घेतल्या. आता ठरले आहे: दर उन्हाळ्यात पावसाआधी छाटणी करायची आणि मावशींच्या बाजूच्या शेंगा त्यांच्या, विचारायचेसुद्धा नाही.

छाटलेल्या खोडाला नवे फुटवे आले तेव्हा आठवले, अब्बा हयात असताना दर उन्हाळ्यात स्वतः छाटणी करत. त्यांची आठवण जपायची म्हणून मी नेमके तेच बंद केले होते.