खाडीकाठी वयोगटाचा धडा
कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याखाली, खाडीकाठी आम्ही विहारातील मुलांना नेले. होड्या पाहून मुलांनी विचारले, ‘मोठ्या जहाजावर मुले काय करतात?’ आम्ही सांगितले, कार्निव्हल कंपनीच्या पर्यटन जहाजांवर मुलांचे खेळवर्ग असतात. २ ते ५, ६ ते ८, ९ ते ११ असे गट. ऐकताच सहा वर्षांच्या भावाने नऊ वर्षांच्या ताईचा हात घट्ट धरला.

आमच्या धम्मवर्गात सारी मुले एकत्र. धाकटी पेंगतात, मोठी चुळबुळतात. १९१३ साली बाबासाहेब बोटीनेच अमेरिकेस शिकायला गेले. त्यांच्या लेकरांचा रविवार वाया का जावा? वंदना व पंचशील एकत्र, गोष्टी व वाचन वयाप्रमाणे, असे आम्ही ठरविले. ठाणे-डोंबिवलीच्या पालकांनीही करून पाहावे. जयभीम!