वाघाच्या कानामागचा कागद

चिनी बाळाची जुनी टोपी हातात आली, की मी ती आधी उलटी करते. आणणाऱ्याला समोरचं भरतकाम दाखवायचं असतं. मला वय सापडतं ते अस्तरात, शिवणीत आणि टाक्यांच्या पाठीमागे.

मागच्या पावसाळ्यात एक काका स्टीलच्या डब्यातून वाघटोपी घेऊन आले. "ताई, दोनशे वर्षांची आहे. आजोबा बोटीवर खलाशी होते, त्यांनी हाँगकाँगहून आणली." लाल रेशीम, बटबटीत गोल डोळे, कानांना सशाची लव, कपाळावर 'वांग' म्हणजे 'राजा' हे अक्षर. बाळाला वाघाचं रूप द्यायचं, म्हणजे रोगराई आणि वाईट शक्ती लांब राहतील. काही ठिकाणी कुत्र्याच्या तोंडाची टोपी घालत, हे माणसाचं पोर नव्हेच असं भुताखेतांना वाटावं म्हणून. आपल्याकडे मूल जगावं म्हणून त्याला दगडू, धोंडू म्हणत, तीच धास्ती. चांद्रवर्षाच्या पाचव्या महिन्यातल्या पाचव्या दिवशी साप, विंचू, गोम, भेक, पाल भरलेले कपडे घालत. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून चिंध्या मागून 'शंभर घरांचा' अंगरखा शिवत. मानेवर झोळ सोडलेली त्यांची थंडीची टोपी पाहिली, की मला आपली कुंचीच आठवते.

काकांच्या टोपीला एका कानामागे रेशीम झिजून पांढरा कागद डोकावत होता. तेवढ्यावरून एका व्यापाऱ्यानं ती नकली ठरवली होती. मला मात्र त्या कागदानंच धीर आला. कातरलेली कागदी नक्षी कापडावर ठेवायची आणि तिच्यावरूनच टाके भरायचे, ही तिकडच्या घरगुती भरतकामाची जुनी रीत.

दोनशे वर्षं मात्र जमेनात. मागच्या फुलाची एक पाकळी फिकट जांभळी होती. शिवण जरा उसवून पाहिली, तर आत, जिथे ऊन पोचलं नव्हतं, तिथे तीच पाकळी भडक. इतका झगझगीत जांभळा रासायनिक रंगाचाच. तसा पहिला रंग १८५६ साली लंडनमध्ये १८ वर्षांच्या विल्यम पर्किनच्या हाती लागला, आणि असे रंग चीनच्या बाजारात त्यानंतरच पोचले. म्हणजे टोपी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची किंवा त्यानंतरची.

जुनं चिनी कलाबतू बहुधा कागदाचं असतं: वर्ख चिकटवलेल्या कागदाच्या बारीक पट्ट्या रेशमी दोऱ्याभोवती गुंडाळलेल्या. सुरुवातीच्या वर्षांत मी अशा एका वाघाच्या मिशीवरून ओला कापूस फिरवला आणि वर्ख कापसावर आला. तो बोळा मी जपून ठेवला आहे. म्हणून सांगते, धुऊ नका, इस्त्री नको, ड्रायक्लीनला तर मुळीच देऊ नका.

किंमत ठरवताना 'निषिद्ध टाक्या'ची गोष्ट हमखास ऐकवली जाते: बारीक गाठींचा हा टाका घालून मुली आंधळ्या झाल्या, म्हणून त्यावर बंदी आली. या कथेला आधार नाही, तिचे पैसे मोजू नका. गाठी किती सारख्या आल्या आहेत, त्याचे मोजा. पोराचा कोट मोठ्यांच्या झग्यातून कापलेला असेल, तर फुलं शिवणीत अर्धी तुटतात. मुळातूनच पोरासाठी भरलेली नक्षी गळ्याशी वळसा घेते. अतिनील दिव्याखाली नवा दोरा निळसर उजळतो, पण अलीकडे साबणाच्या पावडरीत धुतलेला जुनाही उजळतो, एवढं ध्यानात ठेवावं.

मुंबईत 'चिनी बाळाचा कोट' म्हणून दाखवलेला कपडा कधी कधी पारशी झबलं निघतो. कँटनच्या व्यापारातून पारशी 'गारा' साड्या आल्या तशीच ही झबलीही, चिनी हातांनी पारशी मुलांसाठी भरलेली. आपल्या शहराचा इतिहास त्यात असतो, त्यामुळे ते परक्या नावानं विकलं गेलं की जीव तुटतो.

बाजार स्वच्छ, कोऱ्या कपड्याला जास्त भाव देतो. मला ते पटत नाही. काकांच्या टोपीचं अस्तर निळ्या सुती कापडाचं होतं, आणि मागे दोन बोटं रुंदीची वेगळ्याच कापडाची पट्टी, वेगळ्या दोऱ्यानं, घाईच्या हातशिलाईनं जोडलेली. व्यापाऱ्यानं याच पट्टीपायी भाव पाडला होता. मी नोंदीत 'दुरुस्ती' न लिहिता 'डोकं मोठं झाल्यावर सैल केलेली' असं लिहिलं आणि किंमत वाढवून दिली. ज्याच्यासाठी वाघ भरला होता, ते पोर तेवढं तरी वाढलं होतं.