आधी कोण, मग कोण?

मैत्रिणींनो, फोडणीत आधी मोहरी की आधी हळद, असं कुणी विचारलं तर आपण हसू. पण असाच प्रश्न गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरात तीन दिवस पेटला होता, आणि तोही संगणकावर!

आमच्या चिरंजीवांना ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ या खेळाचं वेड. प्रागच्या एका कंपनीचा हा खेळ २०१२ सालचा. पण मुलं अजून तो सोडत नाहीत, कारण त्यात बाहेरून हवं ते भरता येतं. त्याला म्हणतात ‘मॉड’. कुणी नवी गाडी करतं, कुणी तिचा रंग, कुणी नकाशा, कुणी इंजिनाचा आवाज. माझे सासरे, अण्णा, शेवगाव डेपोत एसटीचे ड्रायव्हर होते. पहिली एसटी १ जून १९४८ रोजी आपल्याच नगर-पुणे रस्त्यावर धावली, हे ते आल्यागेल्याला अजून ऐकवतात. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांचं बाहेर पडणं थांबलं, म्हणून नातवानं ठरवलं, आजोबांना घरबसल्या लाल एसटी चालवायला द्यायची.

हेतू किती चांगला! पण मित्राच्या पेनड्राइव्हमधले बावीसच्या बावीस मॉड त्यानं एकदम घातले. पडदा काळा, खेळ बंद. मग घाईघाईनं सगळं काढताना स्वतःचा साठवलेला खेळही पुसून बसला. वर्षभराची कमाई गेली! आणि मी काय म्हणावं? “बरं झालं, आता तरी पुस्तक उघडशील.” त्या रात्री पोरगं जेवलं नाही. अर्धवेळ का होईना, मी शाळेत शिकवते. निदान मला तरी हे कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी शंभर पानी वही घेऊन त्याच्याशेजारी बसले. “आता मला शिकव,” म्हटलं.

या खेळात मॉडची एक यादी असते, आणि दोन मॉड एकाच गोष्टीला हात घालत असतील तर यादीत वर असेल त्याचं चालतं. एका आमटीत दोघी जावांनी मीठ घालायचं, पण लागणार मात्र मोठीचंच! म्हणून बसचा लाल रंग बसच्या वर ठेवायचा. बसच नसेल तर रंग द्यायचा कशाला? मोठे नकाशे तळाशी. नकाशा चार-पाच तुकड्यांत असेल तर करणाऱ्यानं क्रम लिहून दिलेला असतो. तो आधी वाचायचा, औषधाच्या बाटलीवरचं वाचतो तसा. चिरंजीवांनी अर्थातच वाचला नव्हता. (माझा भाचा ‘स्कायरिम’ खेळतो, त्यात नेमकं उलटं, तिथं यादीत नंतर येणाऱ्याचं चालतं. म्हणजे एका घरची रीत दुसऱ्या घरी लावायची सोय नाही.)

मग कळलं, बावीसपैकी आठ मॉड खेळाच्या जुन्या आवृत्तीसाठी केलेले होते. ते बाजूला काढले. नवं खातं उघडलं, त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवली, आणि एकेक मॉड घालून दर वेळी खेळ सुरू करून पाहिला. कंटाळवाणं काम, पण डाळ निवडणाऱ्या हातांना त्याचं काय! सहाव्याला खेळ पुन्हा बंद पडला. खेळ स्वतःची एक नोंदवही लिहीत असतो. तिच्या शेवटच्या ओळींत एका नकाशाचं नाव सापडलं. तो काढला, गाडी पुढे निघाली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पडद्यावर लाल एसटी उभी राहिली. अण्णा खुर्ची ओढून बसले, थोडं चालवलं आणि थांबले. “अरे, ही उलट्या बाजूनं काय चाललीय? मला मेमो देशील!” युरोपातले रस्ते, तिथं उजवीकडून जातात. मी म्हटलं, झालं, आता आणखी एक मॉड! पण खेळात इंग्लंडही आहे, आणि तिथं आपल्यासारखंच डावीकडून.

पुसलेला खेळ काही परत आला नाही. चिरंजीव अजून मधूनच त्याची आठवण काढतात, आणि मी गप्प बसते. सध्या रोज चहानंतर आमची एसटी लंडनहून बर्मिंगहॅमला सुटते. अण्णा गिअर टाकतात आणि स्वयंपाकघराकडे मान वळवतात, “कंडक्टरबाई, डबल बेल द्या!”