मलम निवताना

मलमाच्या कारखान्यात दाखल होणाऱ्या जिनसांपैकी सिटोस्टिअरिल अल्कोहोलकडे नवख्याचे लक्ष सहसा जात नाही. पांढरे, मेणचट, जवळजवळ निर्गंध असे ते खडे पाण्यात विरघळत नाहीत आणि पन्नास अंशांच्या आसपास निमूट वितळतात. स्पिरिटच्या अंगचा त्वचा शुष्क करण्याचा दोष त्यांच्यात नाही, कारण सोळा ते अठरा कर्बांच्या लांब साखळीमुळे ते उडून न जाता त्वचेवरच राहतात, उकलू पाहणाऱ्या खवल्यांमधील फटी बुजवितात आणि आतील ओलाव्यास बाहेर पडण्याला मज्जाव करतात. 1817 साली शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने स्पर्म देवमाशाच्या मस्तकातील मेण दाहक पोटॅशबरोबर तापवून या मिश्रणातील सेटिल व स्टिअरिल या दोन अल्कोहोलांपैकी सेटिल अल्कोहोल प्रथम वेगळे केले. आज ते पुष्कळसे पामतेलापासून मिळते, आणि देवमासा सुटला याचा आनंद मानताना बोर्निओ-सुमात्रातील तोडलेल्या अरण्यांचा विसर पडू देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

परंतु या द्रव्याची खरी योग्यता कळते ती मलम निवू लागल्यावर. तैलभाग आणि जलभाग दोन्ही सत्तर-पंचाहत्तर अंशांवर आणून एकत्र घोटले की हाती येते ते केवळ पांढरे, पातळ मिश्रण. ते संथपणे ढवळत निवू दिले म्हणजे अल्कोहोलचे रेणू पायसीकारकाच्या साहाय्याने थरांवर थर रचू लागतात, आणि चिरोट्याच्या पदरांत साटा बसावा तसे त्या थरांमध्ये पाणी कोंडले जाते.

येथे शुद्धतेविषयीचा आपला स्वाभाविक पक्षपात टिकत नाही. निव्वळ सेटिल किंवा निव्वळ स्टिअरिल घेऊन केलेले मलम आरंभी कितीही डौलदार दिसो, साठवणीत त्याचे थर मोडून स्फटिक बनू लागतात आणि ते सैल पडते. उलट दोहोंचे मिश्रण असले म्हणजे लांबीने असमान साखळ्या परस्परांना फार दाटीने बसू देत नाहीत, आणि थरांची लवचिक रचना दीर्घ काळ कायम राहते. कारखान्यात येणाऱ्या मालाचा दाखला तपासताना मी या दोहोंचे प्रमाण आधी पाहतो ते याचसाठी.

या रचनेला अवधी हवा असतो. घाईने थंड केलेल्या मलमात गुठळ्या राहतात; नीट निवविलेले मलम भांड्यातून उतरविल्यावरही कित्येक तास दाट होत असते, म्हणून सायंकाळी ते पातळ वाटले तरी त्यात आणखी मेण घालण्याचा हुकूम मी देत नाही, आणि दाटपणाची नोंद दफ्तरात दुसऱ्या दिवशी, नमुना पुन्हा पाहिल्यावरच करतो.